पाणी यायच्या आधीचा शेजार

जूनचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या सांगलीच्या गावभागात माणसं भेटल्यावर "चहा झाला का" म्हणायच्या आधी "आयर्विनला किती?" असं विचारतात. आयर्विन हा कृष्णेवरचा 1929 सालचा पूल. तिथली पातळी 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. 2005 मध्ये पाणी 53 फुटांच्या पुढे गेलं, 2019 मध्ये 57 च्याही वर, 2021 मध्ये पुन्हा 54 च्या पुढे. तिन्ही वेळा मी याच घरात होते. 31 वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात 2019 चं पाणी आलं. म्हणूनच असेल, पावसाळ्याच्या तोंडावर या सदराला येणाऱ्या पत्रांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे प्रश्न जास्त असतात. यंदा त्यातली पाच निवडली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्याचं उत्तर पाऊस वाढायच्या आधी पोचायला हवं.

प्रश्न : ताई, नागाळा पार्कात दोन वर्षांपूर्वी आम्ही फ्लॅट घेतला. इमारतीत 24 बिऱ्हाडं, आमचा पहिला मजला. सासूबाई 81 वर्षांच्या. डाव्या अंगावरून वारं गेलेलं, त्यांना उचलूनच न्यावं लागतं. मिस्टर महिन्यातले 15 दिवस फिरतीवर असतात. इमारतीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, पण त्यावर सुप्रभात आणि पाण्याच्या टाकीच्या तक्रारी, एवढंच. पंचगंगेचं पाणी 2019 ला आणि 2021 ला आमच्या रस्त्यापर्यंत आलं होतं हे आता कळतंय. रात्री-अपरात्री वेळ आली तर हाक कुणाला मारू? कुणाच्या दारात जाऊन "माझ्या सासूबाईंना उचलाल का" असं आधीच विचारून ठेवणं मला आगाऊपणाचं वाटतं.
— एक सून, कोल्हापूर

उत्तर : तो आगाऊपणा नाही. तुम्ही विचारलं नाहीत तर त्या रात्री शेजाऱ्यांना कळणारही नाही की तुमच्या घरात उठता न येणारं माणूस आहे. कसं ते सांगते.

आमच्या इमारतीत 12 बिऱ्हाडं. तळमजल्यावर अण्णा राहायचे, तेव्हा 84 वर्षांचे. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणालाच होते. 2019 च्या 6 ऑगस्टच्या संध्याकाळी पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं. अंधार पडेपर्यंत आमच्या पहिल्या पायरीला लागलं. पुराचं पाणी लाटेसारखं येत नाही हो. गटाराच्या जाळीतून बुडबुडे यायला लागतात, मग चप्पल तरंगते. अण्णांना वर न्यायचं होतं आणि आमचा जिना अरुंद, मधे काटकोनातलं वळण. स्ट्रेचर वळलंच नसतं. मंडळाची दोन पोरं आली आणि त्यांनी काही न विचारता अण्णांची हाताची लाकडी खुर्ची ओढली. अण्णांना बसवलं, छातीवरून आणि मांड्यांवरून सुती लुगड्याची पट्टी घेऊन मागे गाठ मारली. एकाने पाठ धरली, दुसऱ्याने खालचे पाय, आणि वळणावर खुर्ची मागे झुकवून उजवीकडे तिरकी काढली. तीन मिनिटांत अण्णा दुसऱ्या मजल्यावर.

त्या पोरांना हे कुठून आलं? त्याच वर्षी 23 एप्रिलला लोकसभेचं मतदान होतं. अण्णांनी हट्ट धरला, मत द्यायचंच. याच दोघांनी त्यांना याच खुर्चीवरून शाळेच्या पायऱ्या चढवून मतदान केंद्रात नेलं होतं. पहिल्या वेळी खुर्ची पुढे कलंडली आणि अण्णा घाबरले, म्हणून लुगड्याची पट्टी आली. पुराच्या रात्रीची तालीम एप्रिलच्या उन्हात होऊन गेली होती, आणि तेव्हा ती तालीम आहे हे कुणाच्या मनातही नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगते, सासूबाईंना खुर्चीत बसवून एकदा जिन्यातून वर नेऊन बघा. कोरड्या दिवशी, उजेडात. त्यासाठी दोन माणसं लागतील, आणि ती दोन माणसं शोधणं हेच तुमचं खरं काम. दार कसं वाजवायचं हा तुमचा पेच आहे ना? आषाढ येतोच आहे. आषाढ तळायचाच असतो, तर या वर्षी कापण्या थोड्या जास्त करा आणि जिन्यातल्या सगळ्या दारांत चार-चार द्या. कापण्या घेऊन आलेल्या बाईला कुणी दारातून परत पाठवत नाही. आत बोलावतील, घरात कोण कोण आहे ते आपोआप निघेल. तेव्हाच सरळ विचारा, "सासूबाईंना उचलायची वेळ आली तर रात्री दार वाजवलं तर चालेल ना?" आतापर्यंत मी कितीतरी जणांना असं विचारायला लावलंय, "नाही" म्हटलेलं एकही घर माझ्या ऐकण्यात नाही.

एक यादी करा, आणि ती कागदावर. 2019 ला दुसऱ्या दिवशी वीज गेली, तिसऱ्या दिवशी फोन मेले, आणि ज्यांचे सगळे नंबर फोनमध्ये होते त्यांना सख्ख्या भावाचा नंबर सांगता येईना. आमची यादी माझ्या भजनाच्या वहीच्या शेवटच्या पानावर होती. कुठल्या घरात उठता न येणारं माणूस आहे, कुणाला इन्सुलिन लागतं, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कोण गरोदर आहे, परगावी असणाऱ्यांची किल्ली कुणाकडे, वरच्या मजल्यावर किती माणसं झोपू शकतील. मेन स्विच कुठे आहे आणि तो कोण बंद करणार, हेही त्यातच. पाणी मीटरच्या पेटीपर्यंत यायच्या आत तो बंद झाला पाहिजे. पाणी शिरल्यावर कुणीही ओल्या हाताने त्याला शिवू नये.

आजारी माणसांबद्दल थोडं नोकरीतल्या अनुभवातून. डायलिसिसचा रुग्ण असेल तर पाणी दाराशी येण्याची वाट बघू नका. इशारा पातळीची बातमी आली की त्याला उंचावरच्या नातेवाइकाकडे पोचवा, कारण त्याचा आठवड्यातला एक दिवस चुकला तरी जिवावर बेततं. इन्सुलिनची वापरात असलेली कुपी फ्रिज बंद पडला म्हणून फेकू नका. पिशवीत गुंडाळून माठाच्या गारव्याला ठेवली तर साधारण चार आठवडे चालते. पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यात उतरायचं नाही. उतरावंच लागलं तर बूट घालायचे, आणि नंतर ताप आला किंवा पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यातून चाललोय" हे आवर्जून सांगायचं. लेप्टोस्पायरोसिसवर वेळेत औषध मिळालं तर माणूस बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडावर जातं.

आणि बोट येईल या भरवशावर राहू नका. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. बोट गावचीच होती, चालवणारे गावचेच, एकमेकांना वाचवायला निघालेले. तिच्यात माणसं फार झाली होती. ती बातमी आली तेव्हा आमच्या गच्चीवर कुणी बोलेना. तेव्हापासून मी म्हणते, ज्याला उचलून न्यावं लागतं त्याने रस्ता कोरडा असतानाच निघावं. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे दोन नंबर सासूबाईंच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

कापण्यांमध्ये खसखस घालायला विसरू नका.

प्रश्न : 2019 च्या पुरात आमच्या सांगलीवाडीच्या घरात छतापर्यंत पाणी होतं. आम्ही पाच जण विश्रामबागला मुलाच्या वर्गमित्राच्या घरी 11 दिवस राहिलो. ओळख जेमतेम. त्यांनी स्वतःची झोपायची खोली आम्हाला दिली आणि आपण बैठकीत झोपले. माझ्या आईला पथ्याचं वेगळं करून घातलं. दिवाळीत मी पाच हजारांचं पाकीट घेऊन गेलो. त्यांनी घेतलं नाही, आणि तेव्हापासून बोलणं तुटक झालंय. रस्त्यात ते दिसले की मीच दुसऱ्या बाजूला जातो. एवढं ऋण डोक्यावर घेऊन जगणं जड जातं. माझं काय चुकलं?
— एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर : दादा, तुमची भावना चांगली होती, पण पाकिटाने त्या 11 दिवसांचा हिशेब झाला. खोलीचं भाडं आणि जेवणाचे पैसे. त्यांना ते तसंच लागलं असणार. तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं हे मला कळतंय, त्यांना कुणी सांगितलं नाही, एवढंच.

मदत घेणं ही देण्यापेक्षा अवघड गोष्ट आहे, हे मी त्याच पुरात शिकले. आयुष्यभर मी लोकांना सुया दिल्या, सलाईन लावलं, रात्री-अपरात्री बाळंतिणींजवळ बसले. पाचव्या दिवशी आम्हालाही घर सोडावं लागलं आणि एका शाळेत आसरा घेतला. तिथे खिचडीची रांग होती. हातात स्टीलची ताटली घेऊन मी रांगेत उभी राहिले आणि वाढणारी मुलगी माझ्याच हातून जन्मलेली निघाली. तिने मला ओळखलं. मला वाटलं, ताटली तिथेच ठेवून मागे फिरावं. तिने काही न बोलता डावभर खिचडी वाढली, मग थांबून वर लोणच्याची फोड ठेवली आणि म्हणाली, "बाई, उद्या लवकर या, तेव्हा गरम असते." मी भिंतीकडे तोंड करून जेवले. दुसऱ्या दिवशी लवकर गेले आणि तिच्याशेजारी बसून कांदे चिरून दिले. तिने मला सुरी दिली तेव्हा कुठे मला सावरल्यासारखं झालं.

त्याच शाळेत जतकडून एक टेम्पो आला होता. जतचा भाग तुम्हाला ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तिकडे टँकर चालू होते, गुरं चारा छावणीत होती. आम्ही पाण्यात बुडत होतो तेव्हाही त्यांचं आभाळ कोरडं होतं. त्या टेम्पोत धडप्यांत बांधलेल्या भाकरी होत्या, बाजरीच्या आणि ज्वारीच्या, वाफेने धडपी ओलसर झालेली, आणि पळसाच्या पानात शेंगदाण्याची चटणी. बायांनी पहाटे तीनपासून थापल्या होत्या. मी त्या टेम्पोवाल्याला म्हटलं, "तुमच्याकडंच खायला नाही, तुम्ही कशाला आणलं?" तो म्हणाला, "ताई, याला पैरा म्हणत्यात. आज आमची बैलं तुमच्या रानात."

पैरा तुम्हाला माहीत असेल. पेरणीला माझी माणसं तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या रानात. कुठे सावड म्हणतात. इर्जिक त्याहून मोठी. सगळ्या गावची औतं एकाच्या शेतात एका दिवसात फिरतात आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. यात कुणी कुणाला मजुरी देत नाही. दिली तर तो पैरा मोडला. आणि परतफेड ज्याने केलं त्यालाच करावी लागते असंही नाही. पैरा गावात फिरत राहतो.

आमच्या मागच्या गल्लीत बागवान भाभी आहेत. त्या वर्षी बकरी ईद 12 ऑगस्टला होती, पाणी नुकतं उतरायला लागलेलं. त्यांनी कुर्बानीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून गल्लीतल्या नऊ घरांसाठी फिनेल, खराटे आणि दोन-दोन चटया आणल्या. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "दीदी, मला बीपी बघून द्या." तेव्हापासून दर सोमवारी मी त्यांचं बीपी बघते. माझ्या मनावर त्या चटयांचं ओझं नाही, कारण त्यांनी मला काम दिलं.

तुम्हीही तेच करा. आपल्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत देत नाहीत. तिच्यात घरात जे असेल ते घालतात, साखर नसेल तर गूळ. पण वाटीत पैसे कुणी घालत नाही. त्या घरी जा. पाकिटाचा विषय तुम्हीच काढा, "त्या वेळी मला सुचलं नाही, राग मानू नका" असं सांगा. गणपतीला सगळ्यांना जेवायला बोलावा आणि त्यांच्या हातून आरती करवून घ्या. आणि पुढे कधी काही लागलं तर पुन्हा त्यांच्याकडेच मागा. मागितल्याने नातं चालू राहतं. त्यांच्या घरात कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात रात्री थांबायला जा. रात्रीचा माणूस मिळणं किती कठीण असतं ते मी वॉर्डात बघितलंय. तिथे पाच हजारांनी काही होत नाही, चादर घेऊन आलेला माणूस लागतो.

आणि रस्त्याची बाजू बदलणं आजपासून बंद करा.

प्रश्न : आमचं पुण्यातलं मंडळ दर वेळी पूरग्रस्तांसाठी साहित्य गोळा करतं. मागच्या वेळी दोन टेम्पो कपडे नेले. तिथल्या माणसांनी हात जोडले, पण उतरवून घेतले नाहीत. पोरं नाराज झाली. नेमकं काय न्यायचं आणि कधी?
— मंडळाचा कार्यकर्ता, पुणे

उत्तर : नाराज होऊ नका, त्यांची बाजू ऐका. 2019 ला शाळांच्या व्हरांड्यात जुन्या कपड्यांचे ढीग छातीइतके होते. ते भिजले, कुबट वास सुटला आणि शेवटी ते उचलायलाच माणसं लागली. फाटकी जीन्स आणि जरीच्या साड्या घेऊन शेतकऱ्याच्या बायकोने काय करायचं? जो कपडा तुम्ही स्वतःच्या बहिणीला द्याल तोच द्या, आणि तोही थोडा.

पाणी असताना पहिले चार दिवस पिण्याचं पाणी, तयार अन्न, लहान मुलांची दूध पावडर, मेणबत्त्या, काडेपेट्या आणि टॉर्च लागतात. सांगलीत तेव्हा चहूबाजूंनी पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी गत होती. नवी अंतर्वस्त्रं आणि सॅनिटरी पॅड हे आवर्जून न्या. बाया ते तोंडाने मागत नाहीत. वाटायलाही मुलीच असू द्या, पुरुषांच्या हातून कुणी घेत नाही.

पण माझं ऐकाल तर पहिल्या आठवड्यात येऊच नका. तेव्हा सगळेच येतात. रस्ते अडतात, फोटो निघतात, केळी सडतात. पाणी उतरल्यावर या, जेव्हा टीव्हीच्या गाड्या परत गेलेल्या असतात. तेव्हा घरात घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गाळ असतो. तो ओला असेपर्यंत काढला तर निघतो, वाळला की सिमेंट होतो. गाद्या पाणी पिऊन इतक्या जड होतात की चार माणसांना एक उचलत नाही. त्या वेळी फावडी, घमेली, खराटे, गमबूट, फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि मुख्य म्हणजे तुमचे हात हवे असतात. 20 पोरं दोन दिवस राहायला आली तर एक गल्ली साफ होते. स्वतःचं जेवण आणि अंथरूण घेऊन या, पूरग्रस्ताच्या घरी पाहुणे म्हणून उतरू नका.

गाळ काढण्याआधी एक काम. भिंतीवरची पाण्याची रेघ आणि भिजलेल्या सामानाचे फोटो काढून घ्या, घरमालकाला त्यात उभं करून. पंचनाम्याला ते लागतात. लोक घाईघाईने घर धुऊन काढतात आणि मग तलाठी आल्यावर दाखवायला काही उरत नाही. तुमच्यातली जी पोरं चांगलं लिहितात त्यांनी म्हाताऱ्या माणसांचे अर्ज लिहून द्यावेत. 2019 मध्ये शहरात 15 हजार आणि ग्रामीण भागात 10 हजार असं सानुग्रह अनुदान जाहीर झालं होतं. भिजलेलं पासबुक आणि विरघळलेलं रेशनकार्ड घेऊन माणसं किती दिवस रांगेत होती ते मी पाहिलंय. आमच्या शेजारच्या एका शिक्षकाने ओट्यावर स्टूल टाकून आठवडाभर अर्ज लिहिले. त्याचं स्वतःचं घर तोवर तसंच गाळात होतं. ते नंतर आम्ही काढलं.

ग्रामीण भागात गेलात तर चारा न्या. शिरोळ, पलूस, वाळवा भागात कितीतरी शेतकरी बोट दारात आली तरी चढले नाहीत, कारण गोठ्यात म्हैस होती. बाहेरच्याला तो वेडेपणा वाटतो. त्या घराचं दूध, मुलाची फी, बँकेचा हप्ता, सगळं त्या दावणीला बांधलेलं असतं. ओला चारा, पेंड आणि गुरांचा डॉक्टर सोबत आणलात तर कपड्यांच्या दहा टेम्पोंपेक्षा जास्त दुवा मिळेल.

प्रश्न : 22 जुलै 2021 ला चिपळूणला पहाटे पाणी चढलं तेव्हा आम्ही चौघं वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं दार वाजवत होतो. त्यांनी उघडलं नाही. कोरोनाची भीती होती, आतून तसं ओरडून सांगितलं. आम्ही जिन्यात बसून राहिलो, धाकटी तापाने फणफणली होती. आता तेच मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेत. यजमान म्हणतात, झालं गेलं विसरून जाऊ. माझ्याच्याने होत नाही.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : बाई, तुम्ही विसरू नका. तापलेलं मूल जिन्यात असताना दार बंद ठेवणं चूकच होतं. भीतीचं कारण खरं होतं, दुसऱ्या लाटेने घराघरांतली माणसं नेली होती. त्या काळात मी स्वतः पीपीई किट घातलेल्या पोरींना रडताना पाहिलंय. तरीही दाराच्या फटीतून एक घोंगडी, तांब्याभर उकळलेलं पाणी आणि पॅरासिटामॉलची गोळी बाहेर येऊ शकत होती. दार न उघडताही ते करता आलं असतं, आणि तुम्हाला खुपतंय ते हेच, असं मला वाटतं.

लग्नाच्या आधी त्या घरच्या बाईला एकटीला भेटा. तिला जिन्यातलं सगळं सांगा. किती वाजता काय झालं, धाकटी काय म्हणत होती, तुम्ही किती वेळा हाक मारली. भांडू नका, फक्त सांगा. पाच वर्षं होत आली, तिनेही हे मनात धरलं असेल. पत्रिका घेऊन यायला तिला बळ लागलंच असणार. तिने ऐकून घेतलं तर लग्नाला जा. तिने विषय उडवून लावला तर आहेर पाठवा आणि घरीच राहा, यजमान एकटे जाऊन येतील. यात तुमच्याकडे कुणी बोट दाखवू नये.

प्रश्न : तुम्ही मागे एका उत्तरात पुराच्या गाळात सापडलेल्या भांड्यांचा उल्लेख केला होता. त्यांचं पुढे काय झालं?
— एक आजी, मिरज

उत्तर : आजी, आपल्या बायकांनी भांड्यांवर नावं घालायची रीत ठेवली, तिचा उपयोग तेव्हा कळला. पाणी उतरलं तेव्हा आमच्या जिन्याखाली 43 भांडी निघाली आणि त्यातली आमच्या इमारतीची 9. वरच्या अंगाच्या घरांतून ती तरंगत आली होती. आम्ही ती चिंच आणि राखेने घासली, ओट्यावर उपडी मांडली आणि नावं वाचत बसलो. बारशाची, मुंजीची, लग्नातली, "आत्याकडून", "मामाकडून". आडनावांवरून घरं सापडत गेली. एका बाईंना त्यांच्या रुखवतातलं पितळी तबक मिळालं तेव्हा त्या ते पदराने पुसत कितीतरी वेळ दारातच उभ्या होत्या. त्यांच्या घरातलं बाकी काहीच उरलं नव्हतं.

हळूहळू 40 भांडी ज्याच्या त्याच्या घरी गेली. दोन फुलपात्रांवर नावच नव्हतं, ती मंडळाच्या प्रसादाला दिली. एक तांब्याचा गडू अजून माझ्याकडे आहे. त्याच्यावरचं नाव घासून गेलंय, "यांजकडून सप्रेम भेट" आणि खाली 1974 एवढंच वाचता येतं. तोंडाशी डाव्या बाजूला एक पोचा आहे. तुमच्या ओळखीत कुणाचा असेल तर कळवा, मी तो दर शनिवारी घासून ठेवते.